‘तेऊदा ई मांतेऊदा’ : पोर्तुगीज कायद्यातील एक जुनी जोडसंज्ञा

मांडवीकाठ

नमस्कार. गोव्यातील एका कुटुंबाच्या जुन्या कागदपत्रांचे मी सध्या मराठी भाषांतर करीत आहे. त्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळातील, पतीपासून विभक्त होण्यासाठी पत्नीने केलेल्या अर्जाचा मसुदा आहे. पतीवरील आरोप सांगताना त्यात ‘कोंकुबिना तेऊदा ई मांतेऊदा’ असे शब्द आले आहेत. ‘कोंकुबिना’ म्हणजे विवाहाबाहेरील सहचरी, हे स्पष्ट आहे. पुढच्या दोन शब्दांचे अर्थ मात्र आजच्या पोर्तुगीज व्याकरणाच्या पुस्तकांतून लागत नाहीत, कारण तेथे ही रूपेच दिलेली नसतात. शब्दकोश ‘बाळगलेली’ एवढ्यावर थांबतो.

ही केवळ आलंकारिक द्विरुक्ती आहे, की दोन शब्दांना दोन वेगळे अर्थ आहेत? ही संज्ञा आली कोठून? आणि तिचे मराठी करताना ‘ठेवलेली बाई’ हा शब्द चालेल का? तो शब्द मला खटकतो. अर्ज करणाऱ्या स्त्रीने तो अपशब्द म्हणून वापरलेला नसावा, असे मसुद्याच्या भाषेवरून वाटते. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

शब्दवेध

दोन्ही शब्द जुनी भूतकालवाचक धातुसाधिते आहेत. ‘तेर’ म्हणजे जवळ असणे, धरणे, बाळगणे. ‘मांतेर’ म्हणजे सांभाळणे, चालू ठेवणे, पोसणे. आज या क्रियापदांची रूपे ‘तीदा’ आणि ‘मांतीदा’ अशी होतात. ‘तेऊदा’ आणि ‘मांतेऊदा’ ही त्यांचीच मध्ययुगीन रूपे आहेत. ‘मांतेर’च्या पोटात लॅटिनमधील ‘मानू तेनेरे’, म्हणजे ‘हाताने धरणे’, हे दोन शब्द आहेत. तेव्हा शब्दशः अर्थ ‘धरलेली आणि सांभाळलेली’ असा होतो. माझ्या मते ही निव्वळ द्विरुक्ती आहे. जुन्या दस्तऐवजांत असे जोडशब्द केवळ वजनासाठी येतात, आपल्या दस्तांतील ‘वहिवाट व भोगवटा’ येतो तसेच.

लिस्बनवासी

पोर्तुगालमध्ये ही संज्ञा आजही सुशिक्षितांच्या बोलण्यात आणि वर्तमानपत्रांच्या स्तंभांत ऐकू येते. प्रियकरासाठी ‘तेऊदो ई मांतेऊदो’ असे पुल्लिंगी रूपही वापरतात. एरवी ही दोन रूपे आता कोणत्याही वाक्यात येत नाहीत, ती फक्त जोडीनेच जगली आहेत.

रोमान्सभाषाप्रेमी

शब्दवेध यांनी रूपांचा उलगडा बरोबर केला आहे. त्या रूपांमागचा इतिहास विलक्षण असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

अभिजात लॅटिनमध्ये ‘तेनेरे’चे धातुसाधित ‘तेंतुस’ होते, आणि त्यातून ‘तेऊदो’ कधीच निघाले नसते. बोलीभाषेतील लॅटिनमध्ये ‘-ऊतुस’ हा प्रत्यय, जो ‘सोलूतुस’सारख्या मोजक्या शब्दांपुरता होता, दुसऱ्या गणातील अनेक क्रियापदांना सर्रास लागू लागला आणि ‘तेनूतुस’ असे नवे रूप तयार झाले. इटालियनमधील ‘तेनूतो’, फ्रेंचमधील ‘तनू’ आणि रुमानियनमधील ‘त्सिनूत’ ही सर्व त्याचीच वंशज होत. पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांमधला ‘न’ गळून पडतो. ‘लूना’चा ‘लुआ’ झाला आणि ‘कोरोना’चा ‘कोरोआ’ झाला, तो याच नियमाने. त्याच नियमाने ‘तेनूदा’चा आधी अनुनासिक उच्चार राहिला आणि पुढे ‘तेऊदा’ झाला. ‘मांतेऊदा’मध्ये ‘त’च्या आधीचा ‘न’ अनुनासिक म्हणून टिकला, कारण तो दोन स्वरांमध्ये नव्हता.

तेराव्या आणि चौदाव्या शतकांतील गालिसियन-पोर्तुगीज काव्यात आणि दस्तऐवजांत हा ‘-ऊदो’ प्रत्यय विपुल आढळतो. पंधराव्या शतकात ‘-ईदो’ने त्याला जवळजवळ संपूर्णपणे हटवले. मात्र काही रूपे विशिष्ट आसऱ्याने वाचली. ‘कोंतेर’ म्हणजे सामावून घेणे. त्याचे जुने धातुसाधित ‘कोंतेऊदो’ आज ‘आशय, मजकूर’ या अर्थाचे नाम म्हणून प्रत्येक पोर्तुगीज संकेतस्थळावर दिसते. ‘तेमूदो’, म्हणजे ‘ज्याची भीती वाटते तो’, आडनाव होऊन राहिला. आणि ‘तेऊदा ई मांतेऊदा’ ही जोडी कायद्याच्या आश्रयाने राहिली. कायद्याचा लेखक आधीच्या कायद्याची वाक्ये उतरवून घेतो, म्हणून बोलीतून गेलेले रूप तेथे शतकानुशतके जिवंत राहू शकते.

इटालियनमध्ये ‘मांतेनूता’ हा एकच शब्द नाम म्हणून आजही ‘पोसलेली प्रेयसी’ याच अर्थाने वापरतात, आणि स्पॅनिशमध्ये ‘मांतेनीदा’ वापरतात. म्हणजे ही कल्पना सर्व भगिनीभाषांत आहे, पण जोडी करून तिला कायदेशीर सूत्र बनवण्याचे काम पोर्तुगीजने विशेष निष्ठेने केले.

न्यायालयीन

मांडवीकाठ यांच्या मसुद्याचे उगमस्थान मला नेमके सांगता येईल. १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा, जो सेआब्रा संहिता म्हणून ओळखला जातो, १८७०पासून गोव्यासह सर्व वसाहतींना लागू झाला. त्याच्या कलम १२०४मध्ये पतिपत्नींनी विभक्त होण्याची कारणे दिली आहेत. पत्नीचा व्यभिचार हे पहिले कारण, आणि त्याला कोणतीही अट नाही. दुसरे कारण पतीचा व्यभिचार, पण तो पुढीलपैकी एखाद्या प्रकारचा असला पाहिजे: त्याने उघड लोकापवाद झालेला असावा, किंवा पत्नीला पूर्णपणे वाऱ्यावर सोडलेले असावे, किंवा ‘दांपत्याच्या निवासात कोंकुबिना तेऊदा ई मांतेऊदा’ असावी.

यामुळेच शब्दवेध यांच्याशी मी सहमत होऊ शकत नाही. उत्पत्तीच्या दृष्टीने ती द्विरुक्ती असेलही, परंतु कायद्यात या जोडीने एक कसोटी निर्माण केली. एखाद्या स्त्रीशी संबंध असणे पुरेसे नव्हते. तो संबंध टिकाऊ असला पाहिजे, म्हणजे ती ‘तेऊदा’, आणि तिचा उदरनिर्वाह त्या पुरुषाच्या खर्चाने चालत असला पाहिजे, म्हणजे ती ‘मांतेऊदा’. दोन्ही सिद्ध करण्याचा भार अर्जदार पत्नीवर येतो. त्यातच ‘दांपत्याच्या निवासात’ ही तिसरी अट जोडली की पतीला केवढी मोकळीक मिळते, हे वेगळे सांगायला नको.

फौजदारी कायद्यातही हेच दिसते. पोर्तुगालच्या १८५२च्या दंडसंहितेत, आणि तिची जागा घेणाऱ्या १८८६च्या संहितेतही, व्यभिचारी पत्नीला हद्दपारी किंवा तुरुंगवास अशी कडक शिक्षा होती. पतीला शिक्षा व्हायची ती घरात ‘मांसेबा तेऊदा ई मांतेऊदा’ ठेवली तरच (‘मांसेबा’ म्हणजेही विवाहाबाहेरील सहचरी), आणि तीही दंडाची. १८८६च्या संहितेचे कलम ३७२ तर अधिक बोलके आहे. पत्नीला व्यभिचार करताना पकडून ठार मारणाऱ्या पतीस सहा महिने त्या न्यायालयीन जिल्ह्याबाहेर राहण्याची शिक्षा पुरेशी मानली होती. तीच सवलत पत्नीलाही दिली होती, पण केवळ ‘पतीने दांपत्यगृहात ठेवलेल्या व पोसलेल्या’ स्त्रीच्या बाबतीत. ही तरतूद १९७४च्या क्रांतीनंतरच रद्द झाली.

रेवती

म्हणजे पतीने गल्लीच्या टोकाला दुसरे घर घेऊन दिले तर या कलमाखाली तो निर्दोष?

न्यायालयीन

या एका कारणापुरता होय. पत्नीला मग उघड लोकापवाद झाल्याचे किंवा आपल्याला पूर्णपणे टाकून दिल्याचे सिद्ध करावे लागे. पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर नोव्हेंबर १९१०च्या घटस्फोट कायद्याने पती व पत्नी दोघांचाही व्यभिचार समान कारण मानला, तेव्हा दिवाणी कायद्यातील हा भेद संपला. फौजदारी कायद्यात तो पुढेही राहिला.

रेवती

हे वाचल्यावर ती संज्ञा केवळ भाषिक कुतूहलाचा विषय म्हणून पाहणे मला कठीण वाटते. कायद्याने एका स्त्रीचे वर्णन ‘धरलेली आणि पोसलेली’ असे वस्तूसारखे केले, आणि त्याच वर्णनाचा उपयोग दुसऱ्या स्त्रीच्या न्यायाचा मार्ग अरुंद करण्यासाठी केला. ज्याने धरले आणि ज्याने पोसले, तो कर्ता दोन्ही कृदंतांत अदृश्य आहे. आपण व्युत्पत्ती शोधताना हा कर्ता नजरेआड होऊ देऊ नये, एवढेच मला म्हणायचे आहे.

जुनी बखर

रेवती यांचा मुद्दा योग्यच आहे. मात्र सुरुवातीच्या कायद्यांत कर्ता अदृश्य नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. १४४६च्या सुमाराची आफोन्सो संहिता, सोळाव्या शतकाच्या आरंभीची मानुएल संहिता आणि १६०३ची फिलिप संहिता अशी पोर्तुगालच्या राजाज्ञांची तीन मोठी संकलने आहेत. तिन्हींत फौजदारी कायदा पाचव्या खंडात येतो. फिलिप संहितेच्या त्या खंडात ‘विवाहित बारेगेइरो आणि त्यांच्या बारेगाँ’ असे एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि धर्मगुरूंच्या बारेगाँविषयी आणखी एक. ‘बारेगाँ’ म्हणजे अशी स्त्री आणि ‘बारेगेइरो’ म्हणजे तिला ठेवणारा पुरुष. येथे पुरुषालाही नाव आहे आणि शिक्षाही आहे: आफ्रिकेत हद्दपारी आणि मालमत्तेच्या प्रमाणात दंड. ‘बारेगाँ तेऊदा ई मांतेऊदा’ हे सूत्र येथूनच पुढच्या कायद्यांत गेले.

हा कायदा कागदावर कठोर होता खरा, पण ज्या समाजाने तो केला त्याच्या शिखरावरच त्याचा भंग झालेला होता. पोर्तुगालचा राजा दों पेद्रू पहिला याचा तेरेझा लोरेन्सूपासून झालेला विवाहबाह्य पुत्र जुआंव १३८५मध्ये राजा झाला आणि आविझ घराणे सुरू झाले. या जुआंवचा विवाहापूर्वी इनेस पिरेशपासून झालेला पुत्र आफोन्सो १४४२मध्ये ब्रागांसाचा पहिला ड्यूक झाला. त्याने जिच्याशी विवाह केला ती बेआत्रीझ, सेनापती नुनू आल्वारेश पेरेइरा यांची कन्या. हे नुनू आल्वारेश स्वतः एका धार्मिक लष्करी पंथाच्या प्रमुखाचे विवाहबाह्य पुत्र होते. राजाने त्यांना लहानपणी औरसत्व बहाल केले, आणि २००९मध्ये पोपनी त्यांना संत घोषित केले. १६४०मध्ये स्पेनच्या सत्तेतून पोर्तुगाल सोडवणारा राजा याच ब्रागांसा घराण्यातला. म्हणजे कायदा ज्यांना शिक्षा सांगत होता, अशा संबंधांतूनच पोर्तुगालचे दोन राजवंश उभे राहिले.

कोइंब्रा

या यादीत याच पेद्रूची प्रेयसी इनेस द काश्त्रू यांचे नाव कसे नाही? त्या तर सर्वांत प्रसिद्ध.

जुनी बखर

जाणूनबुजून वगळले. १३५५मध्ये कोइंब्रा येथे पेद्रूचा पिता राजा आफोन्सो चौथा याच्या आज्ञेने त्यांची हत्या झाली. पेद्रू राजा झाल्यावर १३६०मध्ये त्याने कांतान्येद येथे शपथेवर जाहीर केले की आपला त्यांच्याशी गुप्त विवाह झाला होता. तो विवाह खरोखर झाला होता का, यावर इतिहासकारांत वाद आहे. राजाचे म्हणणे मानले तर त्या पत्नी ठरतात. अल्कोबासाच्या मठात दोघांच्या शवपेटिका आहेत आणि इनेस यांच्या शिल्पाच्या मस्तकावर मुकुट आहे. एकाच स्त्रीला पित्याने बारेगाँ ठरवावे आणि पुत्राने राणी, यावरून या संज्ञेमागे सत्ता किती उभी असते ते कळते.

शब्दवेध

‘बारेगाँ’चा उल्लेख झाला आहे तर एक गमतीची व्युत्पत्ती सांगतो. कास्तीलचा राजा आल्फोन्सो दहावा याच्या तेराव्या शतकातील ‘सात भाग’ या कायदेग्रंथाच्या चौथ्या भागात स्पॅनिश ‘बारागाना’ या शब्दाची फोड दिली आहे. अरबी ‘बर्रा’ म्हणजे बाहेर, आणि ‘गाना’ म्हणजे मिळकत. म्हणून बारागाना म्हणजे चर्चच्या आज्ञेबाहेर मिळवलेली स्त्री. आजचे भाषाशास्त्र ही फोड मानत नाही, पण कायदा लिहिणाऱ्यांना या स्त्रीचे स्थान कोठे वाटत होते ते तिच्यातून नेमके कळते: घराच्या आत, आणि नियमाच्या बाहेर. त्या कायद्याने हा संबंध सरसकट निषिद्ध ठरवला नव्हता. अविवाहित पुरुषाने एकच अशी सहचरी ठेवण्यास त्यात अटींसह जागा होती.

न्यायालयीन यांनी दाखवलेली कसोटी मला पटते. शब्द जन्माला जोडीने आले असतील, पण कायद्याने त्यांना वेगवेगळी कामे दिली.

साओ पाउलोकर

ब्राझीलची बाजू थोडक्यात. स्वातंत्र्यानंतरच्या १८३०च्या फौजदारी संहितेत कलम २५० पत्नीच्या व्यभिचाराचे आणि कलम २५१ पतीचे. पतीच्या कलमात ‘कोंकुबिना तेऊदा ई मांतेऊदा’ हेच शब्द आहेत, आणि १८९०च्या संहितेतही ते तसेच पुढे आले. येथे मात्र शिक्षा दोघांना सारखी होती. भेद होता तो गुन्ह्याच्या व्याख्येत: पत्नीला एकदाच पाऊल चुकलेले पुरे, पतीच्या बाबतीत मात्र मांडलेला संसार दाखवावा लागे.

ज्या काळात ही संहिता घडत होती, त्याच दशकात ब्राझीलचा सम्राट पेद्रू पहिला (वर आलेला पोर्तुगालचा राजा नव्हे) याने दोमितीला द काश्त्रू यांना रिओच्या राजवाड्याजवळ घर दिले, १८२६मध्ये सांतुशची मार्केझ ही पदवी दिली, आणि त्यांच्या मुलीला डचेस केले. ‘तेऊदा ई मांतेऊदा’चा अर्थ विद्यार्थ्यांना समजावताना येथील शिक्षक हेच उदाहरण घेतात, आणि तेवढ्यापुरते मला ते योग्य वाटते.

फोंड्याचा

गोव्याच्या संदर्भात एक सावधगिरी सुचवतो. देवळांशी जोडलेल्या कलावंत स्त्रिया आणि त्यांचे ‘यजमान’ यांच्या संबंधाला ही पोर्तुगीज संज्ञा लावण्याचा मोह काही लेखकांना होतो. पोर्तुगीज कागदांत या स्त्रियांसाठी ‘बायलादेइरा’, म्हणजे नर्तकी, हा वेगळा शब्द आहे. कलमाचा शब्दार्थ पाहिला तरी हे संबंध त्यात बसत नाहीत, कारण या स्त्रिया स्वतःच्या घरात राहत, घर आईकडून मुलीकडे चाले, आणि यजमान तेथे येई. दांपत्यगृहाचा प्रश्नच येत नाही. त्या समाजाने विसाव्या शतकात स्वतःच्या प्रयत्नाने ही प्रथा मोडली आणि शिक्षण, संगीत व सार्वजनिक जीवनात मानाचे स्थान मिळवले. त्यांच्या पूर्वजांच्या आयुष्यावर परक्या फौजदारी कायद्याचा शिक्का मारू नये, असे मला मनापासून वाटते.

मांडवीकाठ

फोंड्याचा यांच्याशी पूर्ण सहमत. माझ्या कागदांतील प्रकरण तसे नाही. अर्जात ‘दांपत्याच्या निवासात’ हे शब्द स्पष्ट आहेत, आणि न्यायालयीन यांच्या प्रतिसादामुळे ते तेथे का आहेत हे आता उमगले. अर्जदार स्त्रीचा वकील कलमाचे शब्द जसेच्या तसे वापरत होता, म्हणजे तो अपशब्द नसून आरोपाचा कायदेशीर घटक होता.

मग मराठीत काय लिहावे? ‘ठेवलेली बाई’ मी बाजूला ठेवले आहे. पेशवाईच्या कागदांतील ‘नाटकशाळा’ कालानुरूप वाटतो, पण त्याला दरबारी वास आहे. ‘अंगवस्त्र’ तर अगदीच नको.

न्यायालयीन

आपल्याकडे धर्मशास्त्रात याला अतिशय जवळची संज्ञा आहे: ‘अवरुद्धा स्त्री’. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात ‘अवरुद्धासु दासीषु भुजिष्यासु तथैव च’ असा श्लोक आहे. या स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ टीकेच्या विवरणानुसार अवरुद्धा म्हणजे जिला स्वामीने घरात राहण्यास सांगून इतरांच्या संपर्कापासून रोखले आहे ती, आणि भुजिष्या म्हणजे विशिष्ट पुरुषासाठी राखलेली. ‘धरून ठेवणे’ ही कल्पना दोन्हीकडे मुळाशी आहे.

मात्र दोन्हीकडचा कायदा उलट दिशांना गेला. ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यात अवरुद्धा स्त्रीला, पुरुषाच्या मृत्यूपर्यंत ती एकनिष्ठपणे त्याच्याकडे राहिली असल्यास, त्याच्या इस्टेटीतून पोटगी मिळत असे. बाई नागूबाई विरुद्ध बाई मोंघीबाई या खटल्यात १९२६मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या लंडनमधील सर्वोच्च अपील न्यायालयाने, असेही ठरवले की ती कुटुंबाच्या घरातच राहत असली पाहिजे अशी अट नाही. म्हणजे पोर्तुगीज कायद्यात ‘धरलेली व पोसलेली’ असणे हा पतीवरील आरोपाचा पुरावा होता, तर येथे ते त्या स्त्रीच्या स्वतःच्या हक्काचा आधार होते. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने आश्रितांच्या यादीत तिला जागा दिली नाही.

रेवती

ही तुलना मोलाची आहे, पण भाषांतरात ‘अवरुद्धा’ वापरू नये असे मला वाटते. मराठी वाचकाला तो संस्कृत शब्द हिंदू कायद्याकडे नेईल, आणि अर्ज तर पोर्तुगीज नागरी कायद्याखालचा आहे. शिवाय त्यात ‘पोसणे’ नाही, आणि पत्नीच्या तक्रारीचा अर्धा भार तेथेच असणार. घरातला पैसा कोणावर खर्च होत होता, हे तिला न्यायालयासमोर मांडायचे होते. ‘दांपत्याच्या राहत्या घरात ठेवलेली व पोसलेली सहचरी’ असे साधे, पूर्ण मराठी लिहावे. लांब झाले तरी हरकत नाही, मूळही लांबच आहे.

शब्दवेध

‘सहचरी’ फार सौम्य होईल. आरोपपत्रात आरोपाची धार दिसली पाहिजे. ‘विवाहबाह्य स्त्री’ म्हणावे.

मांडवीकाठ

‘दांपत्याच्या राहत्या घरात ठेवलेली व पोसलेली विवाहबाह्य स्त्री’ हे शब्द मी घेतो. कलम १२०४चा उल्लेख प्रस्तावनेत करीन, म्हणजे वाचकाला हे वर्णन कायद्याचे आहे, अर्जदार स्त्रीचे नव्हे, हे कळेल. सर्वांचे आभार.

रोमान्सभाषाप्रेमी

कागद अजून वाचायचे राहिले असतील तर एक उपयोगी सूचना. जुन्या हस्तलिखितांत आणि छापील पुस्तकांत ‘ऊ’वरील स्वरचिन्ह बहुधा दिलेले नसते, आणि कधी आरंभीच्या ‘त’नंतर उच्चारात नसलेला ‘ह’ही लिहिलेला असतो. त्यामुळे संगणकावर शोध घेताना केवळ आजच्या लेखनाने शोधले तर बरेच उल्लेख निसटतात. ‘बारेगाँ’च्या बाबतीतही शेवटचा अनुनासिक स्वर कधी एका आणि कधी दोन ‘आ’कारांनी लिहिलेला आढळेल. सर्व रूपे स्वतंत्रपणे शोधून पाहावीत.